दुसरा फिनिश वाचक

यंत्राच्या पट्ट्यात एक लांब, पांढराशुभ्र केस अडकला होता. आणि ते यंत्र शुक्रवारी घरी घेऊन गेलेला माणूस पार टकला होता. सोमवारी सकाळी दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात, कपाटासमोर उभी राहून मी तो केस चिमटीत धरला आणि मनात म्हटलं, सापडलास बेट्या!

थोडं मागून सांगते, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही. आमचं ऑफिस भाषांतराचं. मी स्वतः भाषांतर करत नाही. कुणाला काय काम द्यायचं, ते वेळेत आलं का, धड आलं का, हे बघायचं माझं काम. तेव्हा आमच्या हातात ब्लडप्रेशर मोजायचं एक बोलणारं यंत्र होतं. घरी एकट्यादुकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. दंडाला पट्टा बांधला की ते आपणहून सांगत जातं, बसा, श्वास घ्या, गोळी घ्या. ते बाजारात यायचं होतं, त्यामुळे बाहेरच्या कुणाला दाखवायचं नाही असं आम्ही सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं. इंग्रजीतली ती वाक्यं सात भाषांत करायची होती. त्यातली एक फिनिश.

फिनिशला आमच्याकडे एकच माणूस. पासष्टीचा, ताडमाड उंच, मरीनाला राहणारा. वयाने माझ्या काकांएवढा, पण मनातल्या मनात मी त्याला अरेतुरेच करत होते, म्हणून इथेही तसंच लिहिते. त्याचा करार संपत आला होता. आमचा मॅनेजर लेबनॉनचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, सतत घाईत. तो मला म्हणाला, "त्याला ठेवायचं की नाही, पुढच्या सोमवारपर्यंत तू सांग. तू सांगशील ते खलास, विषय संपला." त्या माणसाचा व्हिसा कंपनीचा होता आणि बायकोचा त्याच्यावर. या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार? मी नको म्हटलं की वीस वर्षांचा संसार आवरून दोघांना गाशा गुंडाळायला लागणार, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आता माझा स्वभाव. मी संशयी आहे. लपवून काय उपयोग, आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगच्या वॉचमनलासुद्धा ते माहीत आहे. दुधाची तारीख मी दोनदा वाचते. कुणी फार गोड बोललं तर मला कसंतरी होतं आणि कुणी गप्प बसलं तर त्याहून कसंतरी होतं. नवरा म्हणतो, "तू पोलिसात जायची, चुकून भाषांतरात आलीस."

आणि हा बाबा तर मुलखाचा गप्प! गुड मॉर्निंग म्हटलं की मान हलवायचा. काम कुठवर आलं विचारलं की खिडकीबाहेर बघत राहायचा, इतका वेळ की मला वाटायचं ऐकूच आलं नाही, आणि मग म्हणायचा, "अर्धं." बस्स. अहो, माणूस आहे की लिफ्ट? मीटिंगला सगळे हसायचे तेव्हा हा टेबलाकडे बघायचा. मुळात फिनलंडचा माणूस दुबईत करतो काय, हाच मला पहिल्या दिवसापासून पडलेला प्रश्न. बायकोला इथल्या शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली म्हणून आलो, असं त्याने एकदा सांगितलं होतं. मी त्यावरही विश्वास ठेवला नव्हता. ज्याच्या तोंडून एक शब्द निघत नाही, त्याच्या घरात संगीत?

पण तोंडाने गप्प असलेला हा माणूस कागदावर मात्र प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा करायचा. आमच्याकडे शंकांसाठी एक वेगळा तक्ता असतो. बाकीच्या भाषावाल्यांच्या त्यात दोन-दोन, तीन-तीन शंका. याच्या एकेचाळीस. "बसा असं यंत्र म्हणतं तेव्हा खुर्ची कुठे आहे? खुर्चीला हात आहेत का?" "माणूस आधी बाही वर करतो की आधी बसतो?" "गोळी त्याच्या हातात आहे की डबीत आहे?" "खोलीत दुसरं कुणी आहे का?" मी वाचून कपाळावर हात मारला. तुला काय करायचंय बाबा, गोळी कुठे आहे ते! इंग्रजी वाक्य समोर आहे, त्याचं फिनिश कर आणि मोकळा हो. खोलीत कोण आहे हे विचारायला तू काय चोरी करायला जाणार आहेस? मग डोक्यात आलं, की हा सगळी माहिती काढून दुसऱ्या कुठल्या कंपनीला देत असेल तर? यंत्र घरी न्यायची परवानगी त्याने मॅनेजरकडून थेट घेतली होती, मला न विचारता. शुक्रवारी अर्धा दिवस असतो. तो बाराच्या ठोक्याला यंत्र पिशवीत घालून निघायचा आणि सोमवारी परत आणून ठेवायचा. त्यात तो पांढरा केस. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दंडाला ते बांधलं गेलं होतं. काहीतरी काळंबेरं नक्की होतं.

मी तो केस कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्याची फिनिश फाइल उघडली.

मला फिनिश ओ की ठो येत नाही. पण मोजता येतं. इंग्रजी वाक्यांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा होता, ‘टेक’. टेक अ सीट. टेक अ डीप ब्रेथ. टेक अ ब्रेक. टेक युअर टाइम. टेक युअर टॅब्लेट. धिस टेक्स वन मिनिट. टेक ऑफ युअर स्वेटर. टेक अ रीडिंग. टेक धिस टू युअर डॉक्टर. साधा, लहान मुलालाही येणारा शब्द. आणि या गृहस्थाने एकाच ‘टेक’साठी नऊ वाक्यांत नऊ वेगवेगळे शब्द घातले होते! गोळीला ‘ओता’. बसायला ‘इस्तू’. स्वेटरला ‘रीसू’. मिनिटाला ‘केस्ता’. डॉक्टरकडे न्यायला ‘विए’. ब्रेकला आणखी तिसरंच काही. टेक युअर टाइमचं तर त्याने असलं काही केलं होतं की त्यात ना टेक दिसत होता ना टाइम.

मी ती फिनिश वाक्यं भाषांतराच्या मशीनमध्ये घालून परत इंग्रजीत आणली. आम्ही सगळेच करतो हे, भाषा येत नसली की. मशीन म्हणालं, "हे डॉक्टरकडे निर्यात करा." दुसरीकडे म्हणालं, "हे एक मिनिट सहन करते." मी संध्याकाळी घरी ते वाचून दाखवलं तेव्हा नवरा हसून हसून लोळला. मुलगी मात्र म्हणाली, "मम्मा, मे बी द मशीन इज राँग." तिला मी अभ्यासाला बसवलं.

माझीही एक बाजू आहे, ती सांगायला हवी. इथे यायच्या आधी मी मुंबईत दहा वर्षं सरकारी नमुन्यांची भाषांतरं तपासली. तिथला कायदा एकच, एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द, जन्मभरासाठी. ‘इश्यू’ म्हणजे ‘निर्गमित करणे’. रेशनकार्ड निर्गमित, नोटीस निर्गमित, मेलेल्याचा दाखलाही निर्गमित. कुणी नवीन पोरगी ‘देणे’ लिहून आणायची, तिला मी लाल पेनाने खोडून परत पाठवायचे. दहा वर्षं तेच केल्यावर हात तसेच वळतात. एका शब्दाला नऊ शब्द दिसले की माझ्या मते तो माणूस एक तर आळशी असतो, नाहीतर त्याला भाषाच येत नसते.

आणि तिथेच मला लख्ख दिसलं. याला फिनिश येतच नाही! तो फिनलंडचा नसणारच. कुठूनतरी मशीनने करून आणतो, दर वेळी वेगळा शब्द पडतो, आणि आपल्याला फसवतो. वीस वर्षं कुणी तपासलंच नाही, कारण तपासणार कोण? दुबईत फिनिश येणारं दुसरं आहे कोण?

मग मी सापळा लावला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. बुधवारी मी त्याच्या फाइलमध्ये ‘टेक’च्या जागी सगळीकडे ‘ओता’ घातलं. तो शब्द मला गोळीच्या वाक्यातून मिळाला होता आणि मशीन त्याला ‘टेक’च म्हणत होतं. गोळीला तो आधीच होता, बाकीच्या आठांतही तोच. नवाच्या नवांत ओता, ओता, ओता. शेजारच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं, "हेलसिंकीच्या दुसऱ्या फिनिश वाचकाने केलेल्या दुरुस्त्या. मान्य आहेत का कळवावे." असा दुसरा वाचक नव्हताच कुणी. माझा हिशेब सरळ होता. हा खरा फिनिश असेल तर खवळेल, भांडेल, निदान एक ओळ तरी लिहील. खोटा असेल तर मुकाट्याने मान्य करेल.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. "मान्य आहे. त्या सहकाऱ्याला माझे आभार सांगा."

मी खुर्चीतून अर्धी उठले. रंगेहाथ! आभार म्हणे! आठच्या आठ गिळले, हूं की चूं नाही. पलीकडच्या टेबलापाशी तो पाठमोरा बसला होता, खांदे पाडून. मला त्या खांद्यांतसुद्धा चोराचे खांदे दिसले. शुक्रवारी ती बदललेली फाइल यंत्रात चढवून, नव्या वाक्यांसकट तो यंत्र घेऊन गेला, आणि मी अडवलं नाही. म्हटलं, जा, शेवटचं घेऊन जा.

शनिवार-रविवार मी रिपोर्ट लिहिला. भाषा संशयास्पद, शिस्त नाही, यंत्र बाहेरच्या व्यक्तीला दाखवल्याची दाट शक्यता, करार वाढवू नये. सोमवारी सकाळी मॅनेजरला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर, "ओके. खलास. यंत्र परत घे." पण त्या दिवशी तो आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "आज जमत नाही. माफ करा." मॅनेजर म्हणाला, "यल्ला, चल, तू जा आणि घेऊन ये." मी तर तयारच होते. तो पांढऱ्या केसांचा साथीदार कोण, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मरीनाचा तो टॉवर जुना, मागच्या रस्त्याच्या बाजूचा. समुद्र दिसत नव्हता. दार त्यानेच उघडलं. मला बघून जरा गडबडला, मग बाजूला झाला. आत खिडकीपाशी खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. पांढऱ्या केसांची लांब वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, नीट घातलेली. उजवा हात मांडीवर निपचित. डाव्या दंडाला आमच्या यंत्राचा पट्टा.

"माझी बायको," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला. इंग्रजी गेलं. फिनिश आहे, थोडं." मग त्याने तिच्या दंडावरचा पट्टा सरळ केला. "यंत्र तिला दाखवायला नको होतं, मला माहीत आहे. पण ते अशा माणसांसाठीच आहे. तुमच्यासारखीला वाचून दाखवून मला काय कळणार?"

मी त्या वेणीकडे बघितलं. तरी मी म्हटलं, "मला बघू द्या." बघा, अजूनही मला खात्री करून घ्यायची होती!

त्याने टेबलावरचा एक कागद घेतला. त्याची पहिली वाक्यं, माझा हात लागण्याआधीची. तो हळू आवाजात वाचू लागला. ‘इस्तू’ म्हणाला, आणि त्या बाई खुर्चीत मागे सरकून ताठ बसल्या. ‘रीसू’ म्हणाला, आणि डावा हात स्वेटरच्या बटणाकडे गेला. श्वासाचं वाक्य वाचलं, तर त्यांनी खोल श्वास घेतला, खांदे वर येईपर्यंत. मिनिटाचं वाक्य वाचलं, तर त्या शांत बसून राहिल्या, वाट बघत.

मग त्याने यंत्राचं बटण दाबलं. यंत्र बोललं, "ओता." त्या बाईंनी डावा हात पुढे केला, तळवा वर करून, काहीतरी हातात पडेल म्हणून. श्वासाचं वाक्य आलं. ओता. हात पुढेच. थांबायचं वाक्य, ओता. डॉक्टरचं वाक्य, ओता. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. हात त्यांनी मागे घेतला नाही. कुणीतरी ‘घे’ म्हणत होतं आणि कुणी काहीच देत नव्हतं. मी पर्समध्ये चाचपडायला लागले. काय देणार होते देव जाणे. त्याने यंत्र बंद केलं आणि बाईंचा हात आपल्या हातात घेऊन खाली ठेवला.

"म्हणजे तुमचंच बरोबर आहे," मी म्हटलं. "मग मान्य का केलंत? भांडला का नाहीत?"

त्याने बायकोच्या दंडावरचा पट्टा सोडवला. मग जे बोलला ते एका दमात, मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती इतकी वाक्यं. "आम्ही वीस वर्षं बाहेर आहोत. दोन वर्षं मी फक्त हिच्याशी फिनिश बोलतो आणि ही फक्त माझ्याशी. आम्हाला एकमेकांचं कळतं, म्हणजे ते बरोबर असतंच असं नाही. तो सहकारी हेलसिंकीत बसला आहे, तो रोज ती भाषा ऐकतो. त्याने माझ्या नऊ शब्दांतले आठ खोडले. एक-दोन असते तर भांडलो असतो. आठ! मान्य केल्यावरही तीन रात्री मी तीच वाक्यं वाचली. मला माझंच बरोबर वाटतं. हिलाही स्वतःचं बरोबरच वाटायचं, जेव्हा ही चमच्याला पियानो म्हणायची. हिच्या आजाराची सुरुवात अशीच झाली होती."

टेबलावर एक पाकीट होतं. ते त्याने माझ्यापुढे केलं. "मी स्वतःच सोडतो आहे. औषधाच्या यंत्रावर माझे शब्द नकोत. कुणाला इजा होईल. महिनाअखेर आम्ही परत जातो. तिथे माझीही तपासणी करून घेईन."

मी ते पाकीट हातात घेतलं. आणि खरं सांगायचं तर, पहिला विचार माझ्या मनात आला तो सुटकेचा. त्याने आपणहून सोडलं. माझा रिपोर्ट कुणी पुन्हा उघडणार नाही, हेलसिंकीचा वाचक कोण हे कुणी विचारणार नाही. मी नुसतं "थँक यू" म्हणून यंत्र उचलायचं आणि खाली उतरायचं. लिफ्टपर्यंत दहा पावलं होती.

त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. पाहुणीकडे बघून हसतात तसं.

"दुसरा वाचक नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"हेलसिंकीत कुणी नाही. मी बदललं ते. मला फिनिश येत नाही. तुम्ही खोटे आहात असं मला वाटलं, म्हणून मुद्दाम केलं. आणि तुम्हाला काढा असा रिपोर्टही मीच पाठवला आहे, आज सकाळी."

मला वाटलं आता हा ओरडेल. ओरडायलाच हवं होतं त्याने. मी असते तर बिल्डिंग डोक्यावर घेतली असती. त्याने माझं घोडं काय मारलं होतं? एकेचाळीस प्रश्न विचारले, एवढंच. पण तो तिथेच सोफ्याच्या कडेवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि म्हणाला, "नक्की?"

"नक्की."

"आठच्या आठ तुम्ही?"

"आठच्या आठ मी."

मग तो बायकोकडे वळून फिनिशमध्ये बोलत सुटला. काय बोलला मला काही कळलं नाही. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. बाईंनी चालता हात उचलून त्याच्या टकलावर ठेवला. मीही रडत होते. पुसायला रुमाल सापडेना.

तिथूनच मी मॅनेजरला फोन लावला आणि सगळं सांगितलं, त्या बाईंबद्दलही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "उद्या बोलू. तुझ्यावर मी विश्वास टाकला होता." पुढचं असं झालं की त्या माणसाचा करार वाढला, बायकोला दाखवायची लेखी परवानगी त्या यंत्रवाल्या कंपनीनेच दिली, आणि भाषा तपासायचं काम माझ्याकडून काढून मला वेळापत्रकांवर बसवलं. मी तक्रार केली नाही. कुठल्या तोंडाने करणार?

पण त्या दिवशी मी निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "तुम्ही हे लिहून द्याल का? आत्ता."

क्षणभर माझा मूळचा स्वभाव उफाळून वर आला. पुरावा हवाय याला. मॅनेजरसमोर टाकणार, माझी नोकरी घालवणार. पण मी लिहून दिलं. त्यानेच कागद-पेन दिलं. मी उभ्या उभ्याच इंग्रजीत लिहिलं, की दुसरा वाचक कुणी नाही, शब्द मी बदलले, तुमचे नऊही शब्द बरोबर होते. खाली सही केली.

तो कागद ऑफिसात कधीच आला नाही. मी दारातून बघितलं. त्याने तो स्वयंपाकघरात नेला आणि फ्रिजवर लावला, बायकोच्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्या होत्या त्याच्या शेजारी, आणि तिथेच उभा राहून पुन्हा पुन्हा वाचत राहिला.